बुधवार-शनिवारची आजी

९ सप्टेंबर, शनिवार

इन्यात्सियाबाईंनी आज चर्चच्या सभागृहात आम्हा अकरा म्हाताऱ्यांना एकेक वही दिली. मूल येऊन गेलं की त्यात लिहायचं: काय खाल्लं, काय खेळलं, स्वभाव कसा वाटला. महिनाअखेरीला वही त्यांना दाखवायची. बाई चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, पण गृहपाठ द्यायची खोड गेली नाही. त्यांची वही मी ठेवली आहे. तिच्यात लिहीन, 'पास्ता, बाहुली, उत्तम.' खरं काय ते या दुसऱ्या वहीत.

योजना साधी आहे. गावाजवळच्या लष्करी तळावरच्या अमेरिकन मुलांचे आजी-आजोबा समुद्रापलीकडे, आणि आमची नातवंडं उत्तरेकडे तोरिनोत नाहीतर जर्मनीत. तेव्हा त्यांची मुलं आणि आम्ही, अशी सोयरीक बाईंनी जुळवली. आठवड्यातून दोन दिवस. माझ्या वाट्याला बुधवार-शनिवार आणि डेला नावाची सहा वर्षांची मुलगी. समोरच्या घरातल्या चिरिनोला जुळे मुलगे मिळाले.

"तुला एक आणि मला दोन," तो म्हणाला. "तुझ्या तोंडापुढे एकच टिकेल असं बाईंना वाटलं असेल."

"तुझ्याकडे आलेली दोन्ही पळून जातील. निदान एकमेकांना सोबत होईल," मी म्हटलं.

डेलाला तिची आई घेऊन आली होती. आमच्याकडे लढायला पुरुष जायचे, यांच्याकडे आई जाते. केंड्रा नौदलात आहे. सोमवारी जहाजावर चढेल ती एप्रिलमध्ये उतरेल. बाप, वेड, तळावर विमानांची इंजिनं दुरुस्त करतो. तो आमची भाषा बोलतो, पण क्रियापदं घरी विसरून येतो. केंड्राला तेवढंही येत नाही. डेला मात्र दोन वर्षं इथल्या बालवाडीत गेली. ती आमच्या बाजारातल्या कोळणींसारखी बोलते, हातवाऱ्यांसकट. मला काय म्हणायचं हे तिनेच ठरवलं. नोन्ना. म्हणजे सरळ आजीच. मधे दुसरा कसला शब्द नाही.

निघताना केंड्राने माझ्या हातात एक पार्सल दिलं. निळा कागद, वर तिच्या अक्षरात डेलाचं नाव.

"फार रडणं, तेव्हा हे," वेड म्हणाला. "आईकडून."

मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं आणि पार्सल कपाटात ठेवलं, माझ्या नवऱ्याच्या कोटामागे. नुन्त्सियो जाऊन नऊ वर्षं झाली, कोट अजून टाकवत नाही.

केंड्राने लेकीला माझ्यासमोर जवळ घेतलं नाही. जिन्यात गेल्यावर घेतलं. मला ऐकू येत होतं.

१३ सप्टेंबर, बुधवार

पहिला दिवस. पोर काटकुळी आहे. संत्र्यांच्या वखारीत मी एकतीस वर्षं काढली, शेवटची बारा मुकादम म्हणून. आतून बिघडलेलं संत्रं मला हातात घेताच कळतं, कापावं लागत नाही. ही पोर खणखणीत आहे, फक्त अंगात रक्त कमी. म्हणून घोड्याच्या मांसाचे गोळे केले. पाच खाल्ले.

"नोन्ना, हे काय आहे?"

"मांस."

खोटं काय बोलले त्यात.

११ ऑक्टोबर, बुधवार

जहाजावरचा फोन बंद केला आहे. बिघडलेला नाही, मुद्दाम बंद. कुठे आहेत, काय करतात हे कोणाला कळू नये म्हणून. वेड खांदे उडवून म्हणाला, "असं होतं." किती दिवस, ते त्यालाही सांगत नाहीत.

डेला आज टेबलाखाली बसून रडली. पार्सल काढू का, असं मनात आलं. पण 'फार' म्हणजे किती, हे केंड्राने सांगितलं नाही. एप्रिल लांब आहे. आत्ताच उघडलं तर पुढे माझ्या हातात काय उरणार? बदामाच्या हलव्यासारखा लाडू करून दिला. तो तिने हातात धरून ठेवला आणि रडत राहिली.

२८ ऑक्टोबर, शनिवार

फोन नाहीच. तिसरा आठवडा संपला. आज इतकी रडली की ओकली. मी तिला मांडीवर घेऊन बसले, आणि खरं सांगायचं तर घाबरले. आपल्या पोटचं मूल रडलं तर माणूस रागावतो, ओरडतो, काहीतरी करतो. दुसऱ्याच्या मुलाला नुसतं धरून बसावं लागतं.

मग मला सुचलं. येत्या गुरुवारी मृतांचा दिवस, आमच्याकडे मेलेली माणसं रात्री येऊन पोरांसाठी भेटवस्तू लपवून जातात तो. आदल्या दिवशी बुधवार, म्हणजे माझाच वार. वेडची त्या दिवशी रात्रपाळी आहे. डेला माझ्याकडे झोपेल, सकाळी उठून सगळ्या पोरांसारखी घरभर भेटवस्तू शोधेल. पार्सलही त्यातच ठेवीन. एका दिवसात दुप्पट आनंद.

तिला सांगितलं तर डोळे पुसून म्हणाली, "बालवाडीत सगळ्यांना मिळायचं. मला कधीच नाही."

"तुमच्या घराची त्यांना सवय नाही. यंदा माझ्या घरी येतील."

"कोण येतील?"

"आपली मेलेली माणसं. ज्यांची आपल्यावर माया होती आणि आता नाहीत, ती. मी सात वर्षांची असताना माझी आई गेली. त्याच साली मला कापडी बाहुली मिळाली. टाके बघितले आणि ओळखलं, आईच आली होती."

ती बाहुली मावशीने शिवली होती हे मला अकराव्या वर्षी कळलं. ते काही डेलाला सांगितलं नाही. मलाही त्या चार वर्षांत कळलं नाही हेच बरं झालं होतं.

"आणि मग दर वर्षी यायची?"

"दर वर्षी."

किती तरी दिवसांनी पोर गप्प बसून नीट जेवली.

२ नोव्हेंबर, गुरुवार

सगळं छान झालं.

काल संध्याकाळी आम्ही दोघींनी किसणी लपवली. नाहीतर द्वाड मुलांच्या पायांचे तळवे मेलेली माणसं किसतात. डेला हसून हसून लोळली. किसणी तिने माझ्या बुटात घातली आणि बूट फ्रीजमध्ये. आज सकाळी शाळेला बुट्टी. उठल्या उठल्या अनवाणी धावत सुटली. खेळण्यातली चूल ओव्हनमध्ये सापडली, बदामाची रंगीत फळं तिच्याच बुटांत, 'मृतांची हाडं' नावाची कडक बिस्किटं पांघरुणाच्या घडीत. शेवटी कपड्यांच्या टोपलीतून निळं पार्सल निघालं.

"नोन्ना, हे आईचं अक्षर आहे."

"मग? ओळखलंस की," मी म्हटलं. मला वाटलं आता उडी मारेल.

"हेही त्यांनीच आणलं? मेलेल्यांनी?"

"सगळं एकाच वाटेने येतं."

तिने कागद हळूच सोडवला, फाडला नाही. आत केंड्राच्या जुन्या गणवेशाच्या कापडाचा ससा होता, हाताने शिवलेला. टाके वाकडेतिकडे, शिवणकाम काही केंड्राला येत नाही. डेलाने सशाचा वास घेतला. मग टाक्यांवरून बोट फिरवलं, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. रडली नाही. एवढंसुद्धा नाही. मी चिरिनोला खिडकीतून ओरडून सांगितलं, पार्सलने काम केलं बघ.

मग रिवाजाप्रमाणे शेवंतीची फुलं घेऊन दफनभूमीत गेलो, आभार मानायला. डेलाला थडग्यांवरचे फोटो फार आवडले. प्रत्येक थडग्यापुढे उभी राहून ती फोटो बघत होती. नुन्त्सियोपाशी पोहोचायला आम्हाला तास लागला.

"सगळ्यांचे फोटो इथेच असतात?"

"आपल्या गावच्यांचे."

"जे लांब मरतात त्यांचे?"

मी तिला माझा मामा दाखवला. तो युद्धात रशियात गेला आणि तिथल्या बर्फातच राहिला. थडगं रिकामं आहे, फोटो मात्र आहे. "लांबची खबर यायला वेळ लागतो," मी सांगितलं. "याची अकरा महिन्यांनी आली. तोवर आजी त्याच्यासाठी मोजे विणत होती."

"आजीला कोणीच सांगितलं नाही?"

"कोणाला माहीत होतं?"

तिने माझा हात घट्ट धरला. इतक्या लहान वयात दुसऱ्याच्या दुःखाची जाण असलेली मुलं मी पाहिली नाहीत.

४ नोव्हेंबर, शनिवार

रडणं बंद. हट्ट बंद. बाईंच्या वहीत पहिल्यांदा मनापासून 'उत्तम' लिहिलं.

१५ नोव्हेंबर, बुधवार

मुलगी इतकी शहाणी झाली आहे की माझं मलाच कौतुक वाटतं. वेड घ्यायला आला तेव्हा तिने त्याच्या बुटांच्या नाड्या बांधून दिल्या. वाकून, जमिनीवर बसून. त्याला घोटभर कॉफी द्यायला मला सांगितलं. "पप्पा थकतो. त्याला बरं वाटलं पाहिजे." सहा वर्षांची पोर.

वेड खुशीत होता. जहाजावरून चार ओळींचं पत्र आलं आहे, त्याच्या फोनवर. त्याने मोठ्याने वाचलं. डेला ऐकत होती, बापाच्या तोंडाकडे बघत. तो गाडी वळवायला गेला तेव्हा मला म्हणाली, "ते आधी लिहिलेलं असेल, ना?"

"असेल. टपालाचं असंच असतं."

"पप्पाला सांगू नकोस."

"काय सांगू नको?"

"काही नाही."

मग बोटांवर काहीतरी मोजत जिना उतरली. दहापर्यंत आली आणि अकराव्याला बोटं संपली.

२५ नोव्हेंबर, शनिवार

आज डेला आली नाही. तिच्याऐवजी इन्यात्सियाबाई आल्या. कोट न काढता बसल्या.

तळावरच्या शाळेतली कोणी मनाची डॉक्टरीण आहे. तिचं म्हणणं, डेला शाळेत बोलत नाही, डबा खात नाही, विचारलं की "मी बरी आहे" एवढंच सांगते. कारण कळेपर्यंत नव्या माणसांचं येणं-जाणं थांबवावं.

"नवी माणसं म्हणजे मी?"

"वेनेरा, कागदावर तू त्यांची कोणी नाहीस. मीही नाही. त्यांनी थांबा म्हटलं की थांबायचं."

"माझ्याकडे रडत नव्हती. विचारा त्यांना."

"तेच लिहिलंय त्यांनी. कुठेच रडत नाही."

बाई गेल्यावर मी चुलीपाशी उभी राहिले आणि मला कळलं. घोडा. शाळेत कोणाला तरी पोरीने सांगितलं असणार, नोन्ना मला मांसाचे गोळे देते, आणि कोणत्या मांसाचे हे त्यांनी शोधून काढलं. अमेरिकन लोक घोड्यांना माणसांसारखी नावं देतात आणि बिस्किटं भरवतात. चिरिनोला सांगितलं तर त्याने डोक्याला हात लावला.

"तू त्या पोरीला घोडा खायला घातलास?"

"तू जुळ्यांना काय घालतोस?"

"घोडाच. पण मी वासरू म्हणून सांगतो."

२९ नोव्हेंबर, बुधवार

अमेरिकन लोकांच्या वसाहतीपर्यंत बसने गेले. डब्यात भात-संत्र्याची खीर होती, घोड्याचा संबंध नाही. फाटकावर पहारेकरी निघाला तो आमच्या वखारीतल्या ग्रात्सियाचा मुलगा. चाळिशीचा झाला आहे. त्याने मला ओळखलं, खुर्ची दिली, यादी बघितली, फोन केला, पुन्हा यादी बघितली.

"मावशी, तुमचं नाव काढलंय. माझ्या हातात असतं तर मी स्वतः नेलं असतं."

"डबा तरी तिला दे."

"बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी आहे."

"मी बाहेरची?"

मी त्याला रागावणार होते, पण त्याची आई माझ्याच हाताखाली काम शिकली, आणि मी तिलाही नियम मोडू दिला नाही कधी. डबा त्यालाच दिला. बसला अजून पन्नास मिनिटं होती, ती फाटकाच्या कठड्यावर बसून काढली. आतून मुलांचा आवाज येत होता. त्यात डेलाचा कुठला, ते ओळखता आलं नाही.

२ डिसेंबर, शनिवार

आमच्या ज्वालामुखी डोंगराने परवापासून राख उडवायला घेतली आहे. गच्ची काळी. चार वेळा झाडली. वेडला चिठ्ठी पाठवली, घोड्याबद्दल सगळं कबूल केलं, माफी मागितली. तीन वाजल्यापासून खिडकीशी होते. काही नाही.

७ डिसेंबर, गुरुवार

हे लिहायचं आहे.

दुपारी वेड आला, सोबत इन्यात्सियाबाई. त्याने खिशातून माझी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "घोडा नाही," तो म्हणाला. "घोडा ठीक." मग बाईंकडे बघून त्याच्या भाषेत बोलू लागला आणि बाई मला सांगू लागल्या.

डेला सुकत चालली म्हणून त्याने तिला एप्रिलपर्यंत आपल्या आईकडे पाठवायचं ठरवलं होतं, अमेरिकेत. काल तिला सांगितलं. तिने पलंगाचा पाय धरला आणि दोन तास सोडला नाही. मी जाणार नाही, म्हणाली. तिथलं घर आईला माहीत नाही. आई फक्त नोन्नाच्या घरी येते. एकदा आली होती, आता पुढच्या वर्षी येईल. मी नसले तर परत जाईल. वेडने विचारलं, आई जहाजावर आहे ना? तेव्हा पोर त्याच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, पप्पा, तुला अजून खबर आली नाही, म्हणून मी सांगत नव्हते.

बाई इथे थांबल्या. वेडने मला सरळ विचारलं, "पार्सल. केव्हा?"

मी म्हटलं, "दोन तारखेला. सकाळी. बाकीच्या भेटींबरोबर."

बाई आमच्याच मातीतल्या. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची शोधली आणि बसल्या. वेड उभाच होता, कोणी आपल्याला काही सांगेल याची वाट बघत. त्याला बाईंनी सगळं समजावून सांगितलं, आमच्याकडे त्या दिवशी भेटी कोण आणतं ते. परक्या भाषेत ते सांगायला फार वेळ लागला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, त्याला कुठल्या शब्दाला कळेल म्हणून. कळलं तेव्हा तो ओरडला नाही. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मीच सांगितलं होतं तिला, माझ्या आईचं. टाके ओळखले, हे मीच सांगितलं. मग तिच्या आईचे टाके तिच्या हातात दिले, आणि वर दफनभूमीत फिरवून आणलं. एक तास ती तिथे आईचा फोटो शोधत होती. मी म्हटलं, फोटो आवडले. पाच आठवडे पोरीने हे एकटीने सांभाळलं, बापाला कळू नये म्हणून, आणि मी वहीत 'उत्तम' लिहीत होते.

९ डिसेंबर, शनिवार

वेडने माझं नाव यादीवर पुन्हा घातलं. मला आत नेलं. डेला सोफ्यावर बसली होती. मनगटं माझ्या अंगठ्याएवढी.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे माझे आता तसे वाकत नाहीत, पण बसले. म्हटलं, "डेला, ऐक. भेटी मी ठेवल्या होत्या. चूल मी आणली, सोमवारच्या बाजारातून. फळं मिठाईवाल्याकडची. पार्सल तुझ्या आईने सप्टेंबरात माझ्याकडे दिलं होतं. ते मी टोपलीत लपवलं. कोणी आलं नव्हतं."

"मग तुझी बाहुली?"

"माझ्या मावशीने शिवली होती."

हे वाक्य मी आयुष्यात कोणासमोर बोलले नव्हते. माझ्या मुलालाही सांगितलं नाही.

डेलाने पुढे सरकून माझ्या केसांवरून हात फिरवला, मी तिचे विंचरायचे तसा. "तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस," ती म्हणाली. "मी पण पप्पाला तसंच सांगायचे. नोन्ना, रडू नको. ती पुढच्या वर्षी दोघींसाठी आणेल."

बारा वर्षं मी वखारीतल्या बायकांना एका शब्दावर उभं करत होते. सहा वर्षांच्या पोरीला दोन शब्द पटवता आले नाहीत. खरं बोललेलं कसं पटवतात, हे मला ठाऊकच नाही.

१६ डिसेंबर, शनिवार

जहाजावरचा फोन सुरू झाला. वेडने मलाही बोलावलं. पडद्यावर केंड्रा दिसली, केस बांधलेले, डोळे सुजलेले. तिला सगळं कळवलं होतं. मी पडद्यासमोर गेले तर तिने माझ्याकडे बघून मान हलवली. राग होता की नव्हता, सांगता येत नाही. असायला हवा होता.

डेला तिच्याशी अगदी नीट बोलली. शाळेचं सांगितलं, सशाचं सांगितलं. ओळखीच्या पाहुण्यांशी बोलावं तसं. शेवटी म्हणाली, "तिथे थंडी आहे का?" फोन ठेवल्यावर मी आशेने विचारलं, "बघ, बोलली की नाही आई?"

"जे पार्सल आणू शकतात ते फोनही करू शकतात," डेला म्हणाली.

इन्यात्सियाबाईंनी सांगितलं, जहाजावरच्या कोणा पाद्र्याने केंड्राच्या रजेसाठी वर कळवलं आहे. काही होईल, नाही होईल. आम्ही कोण विचारणारे.

२३ डिसेंबर, शनिवार

केंड्रा आली.

कळवून आली नाही. डॉक्टरणीच्या सांगण्यावरून डेलाचे बुधवार-शनिवार परत सुरू झाले होते, त्यामुळे ती माझ्या स्वयंपाकघरात होती. अकरा वाजले असतील, सगळीकडे ऊन होतं. मी पिठात हात घालून होते. दार वाजलं, मी कोपराने उघडलं, आणि दारात केंड्रा. अंगात निळा गणवेश, एवढीशी पिशवी. वेड खाली गाडी लावत होता.

डेलाने वळून बघितलं. क्षणभरच. आणि दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले.

हे मी इथे लिहिलं नव्हतं, कारण त्यात लिहिण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं. दोन तारखेच्या आदल्या रात्री पांघरूण घालताना आम्ही सगळ्याच मुलांना सांगतो, डोळे मिटून पड. त्यांना बघायचं नाही. बघितलंस तर ती निघून जातात आणि परत येत नाहीत. मलाही हेच सांगितलं होतं. मी तिलाही सांगितलं.

केंड्रा गुडघ्यांवर बसली. तिने लेकीला जवळ ओढलं, तोंडावरून, मानेवरून, हातांवरून मुके घेतले. डेलाने तिची बाही मुठीत धरली. नाक तिच्या गळ्याशी नेलं. दुसऱ्या हाताने तिचा कान चाचपला, कानातलं चाचपलं. पण डोळे उघडेनात. केंड्रा तिच्या भाषेत पुन्हा पुन्हा काहीतरी म्हणत होती, ते मला भाषा न येताही कळत होतं. बघ माझ्याकडे. बघ ना.

डेला मला म्हणाली, आमच्या भाषेत, "नोन्ना, डोळे उघडले तर ती जाईल ना?"

केंड्राने मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती काय म्हणाली, असं विचारत होती. वखारीत परदेशी जाणाऱ्या पेट्यांवरून शिकलेले दहा-बारा इंग्रजी शब्द माझ्यापाशी आहेत. लहान, मोठं, चांगलं, खा. मी त्यातूनच जुळवलं. म्हटलं, ती म्हणते, तू बारीक झालीस, खाऊन घे.

डेलाला दोन्ही भाषा येतात. तिने ऐकलं. मिटल्या डोळ्यांनीच माझ्या बाजूला तोंड वळवलं आणि होकाराची मान हलवली, मला सांभाळून घेण्यासाठी.

जेवण तसंच झालं. केंड्राच्या मांडीवर बसून, डोळे मिटून, आईने भरवलेला घास खात. दोन महिन्यांत प्रथमच ताट संपवलं. हात धुवायला नेलं तेव्हाही नाही उघडले. वेड वर येऊन दारातच थांबला होता. एकदा मला वाटलं, पापणी हलली. पण ती घास चावताना हलली असेल.

केंड्राची रजा चार दिवसांची आहे. बुधवारी सकाळी तिला परत जहाजावर जायचं आहे, त्यात एक तासही बदलून मिळणार नाही. हे लेकीला आत्ता सांगितलं तर ती डोळे कधीच उघडणार नाही, आणि न सांगता केंड्रा गेली तर पोरीच्या लेखी मी सांगितलेलंच खरं ठरेल. हे मला दिसतंय, वेडलाही दिसतंय. तो भांडी पुसायला माझ्याजवळ येऊन उभा राहिला. खूप वेळ एकच बशी पुसत होता. मग हळू आवाजात, यावेळी क्रियापदासकट, म्हणाला, "बुधवारचं तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलेलं ती खरं मानते."